धोरणविषयक वादविवाद: माझ्यासमोर उभे राहण्यापूर्वी

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयीन संघांच्या धोरणविषयक वादविवादाला मी गेली काही वर्षे परीक्षक म्हणून बसते. यात एक संघ, म्हणजे अनुकूल बाजू, ठराव मान्य करून एक योजना मांडतो आणि दुसरा, म्हणजे प्रतिकूल बाजू, ती खोडतो. फेरी सुरू होण्याआधी दाराशी एखादा संघ हमखास विचारतो, "मॅडम, तुम्हाला कशी मांडणी आवडते?" आणि उभ्या उभ्या मी जे उत्तर देते ते नेहमीच अपुरे राहते. हा प्रकार जिथे रुजला आणि वाढला त्या अमेरिकेत परीक्षक आपल्या अपेक्षा आधीच लिहून ठेवतात आणि संघ त्या वाचून तयारी करतात. ही प्रथा मला रास्त वाटते, म्हणून माझ्या अपेक्षा इथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी अपेक्षा आधी सांगते. शेवटच्या भाषणात तुम्ही मला निकालपत्र तयार करून द्यावे. कोणता मुद्दा कोणाच्या पारड्यात पडला, का पडला, आणि समोरच्या बाजूचे जे मुद्दे शिल्लक आहेत ते खरे धरले तरी ठराव का टिकतो किंवा का पडतो, हे तुमच्या तोंडून आले पाहिजे. ते आले नाही तर निकाल मला माझ्या मनाने लावावा लागतो, आणि तसा तो लावण्याचा अधिकार मला नाही असे मी मानते.

असे मानण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. वाशीतील एका फेरीत पाणीपुरवठ्याचा ठराव होता. अनुकूल बाजूच्या मुलीने सांगितले की नवी मुंबईही पाण्यासाठी सर्वस्वी इतरांच्या धरणांवर अवलंबून आहे. हे चुकीचे होते; खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे, हे मला ठाऊक होते. प्रतिकूल बाजूला ते ठाऊक नसावे, कारण चारही भाषणांत त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. मी मनातल्या मनात तो मुद्दा खोडला आणि निकाल प्रतिकूल बाजूला दिला. कारणे सांगताना मी मोरबेचे नाव घेतले, तशी ती मुलगी वही उघडून माझ्या टेबलापाशी आली, एकेका रकान्यावर बोट ठेवत शेवटच्या रकान्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "मॅडम, हे त्यांनी कुठे म्हटलं? मला दाखवा, म्हणजे माझं उत्तर कुठे चुकलं ते कळेल." माझ्या कागदावरही ते कुठेच नव्हते. मी पेशाने वकील आहे. अभिलेखावर नसलेल्या पुराव्याच्या आधारे माझ्या अशिलाविरुद्ध निकाल लागला असता तर मी अपील केले असते. त्या दिवसापासून नियम एकच ठेवला आहे: फेरीत जे बोलले गेले तेवढेच तोलायचे. प्रतिस्पर्ध्याने चुकीची माहिती दिली आणि तुम्ही ती खोडली नाही, तर निकालापुरती ती उभी राहील. चूक काय होती ते मी निकालानंतर सांगेन.

वेळ, कागद आणि हाताचा वेग

दोन-दोन वक्त्यांचे दोन संघ, प्रत्येक वक्त्याची ८ मिनिटांची मांडणी, प्रत्येक मांडणीनंतर ३ मिनिटांची उलटतपासणी, आणि नंतर प्रत्येक वक्त्याचे ५ मिनिटांचे खंडन, ही अमेरिकेतील शालेय पातळीवरची रचना मी धरून चालते. तिथल्या महाविद्यालयीन फेऱ्यांत हीच भाषणे ९ आणि ६ मिनिटांची असतात. बदल सुचवणाऱ्यावर सिद्धतेचा भार असल्यामुळे पहिले आणि शेवटचे भाषण अनुकूल बाजूचे असते. त्याची भरपाई म्हणून मध्यावर प्रतिकूल बाजूला एक मांडणी आणि एक खंडन अशी १३ मिनिटे जवळजवळ सलग मिळतात, आणि त्या १३ मिनिटांना अनुकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याने ५ मिनिटांत उत्तर द्यायचे असते. माझ्या मते संपूर्ण फेरीतील हे सर्वांत अवघड भाषण आहे आणि बहुतेक संघ त्याचीच तयारी सर्वांत कमी करतात. घड्याळ लावून, प्रत्येक मुद्द्याला किती सेकंद द्यायचे ते ठरवून या भाषणाचा सराव करावा. जे मुद्दे सोडायचे ते मुद्दाम, विचार करून सोडावेत. वेळ संपल्यामुळे सुटलेला मुद्दा आणि ठरवून सोडलेला मुद्दा यांतला फरक पुढच्या भाषणात लगेच दिसतो.

माझ्यासमोर ए-थ्री आकाराचे कागद आडवे ठेवलेले असतात. प्रत्येक भाषणाला एक उभा रकाना, अनुकूल बाजू निळ्या शाईत, प्रतिकूल बाजू लाल शाईत, आणि मुद्द्यासमोर त्याचे उत्तर अशा ओळी डावीकडून उजवीकडे सरकत जातात. या नोंदीलाच फ्लो म्हणतात. तुमचे उत्तर कोणत्या ओळीत लिहायचे हे मला कळले नाही तर ते कागदाच्या कोपऱ्यात जाते, आणि कोपऱ्यातल्या मुद्द्यावर फेरी जिंकली गेल्याचे मला आठवत नाही. म्हणून प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या आणि चार-पाच शब्दांचे नाव द्या, आणि उत्तर देताना ते नाव उच्चारून मग बोला. "त्यांचा दुसरा मुद्दा, जुन्या इमारतींचा, त्याला माझी तीन उत्तरे आहेत" एवढे वाक्य पुरते. भाषणाच्या सुरुवातीला कोणत्या क्रमाने जाणार ते सांगितलेत तर कागद मी त्या क्रमाने लावून घेते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फेऱ्यांत मिनिटाला ३०० शब्दांच्याही पुढे जाणारे अतिवेगवान वाचन रूढ आहे. तिथल्या परीक्षकांना त्याची सवय आहे, मला नाही, आणि मराठीतील जोडाक्षरे लिहायला लागणारा वेळ कोणत्याही सरावाने फारसा कमी होत नाही. तुम्ही फार वेगात गेलात तर मी पेन कागदावरून उचलून समोर धरते. ती खूण आहे. पेन उचललेले असताना बोललेला मजकूर कागदावर नाही, म्हणून निकालातही नाही.

वक्तृत्व स्पर्धांतून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण आपल्याकडचे बहुसंख्य चांगले वक्ते तिथूनच येतात. सुभाषिताने सुरुवात, मध्ये एखादा शेर, आवाजाची चढउतार आणि शेवटी टाळ्या घेणारे वाक्य ही वक्तृत्वाची घडण आहे आणि मला ती मनापासून आवडते. मात्र तुमच्या मांडणीला ४८० सेकंद आहेत. कवितेला ४० सेकंद गेले तर बारावा हिस्सा गेला, आणि माझ्या कागदावर त्या जागी कोरी जागा राहिली. तीच भाषा, तोच आवाज एखाद्या मुद्द्याचे कारण समजावण्यासाठी वापरा.

एक ठराव हाताळून पाहू

समजा ठराव असा आहे: "ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांच्या क्षेत्रांत राहणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने खासगी चारचाकीच्या नोंदणीकरिता पार्किंगच्या जागेचा पुरावा सक्तीचा करावा." यावर अनुकूल बाजूने काय दाखवावे?

पहिले, नुकसान. ठाण्यातील राम मारुती रोडवर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात हे सर्वांना दिसते, पण दिसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी अडते का, पादचारी रस्त्यावर उतरतो का, आणि याची झळ नेमकी कोणाला बसते, हे पुराव्यानिशी यावे. दुसरे, आजच्या व्यवस्थेत हा प्रश्न आपोआप का सुटत नाही. हा टप्पा संघ बहुतेक वेळा गाळतात. नव्या इमारतींना पार्किंग ठेवण्याचे नियम आहेतच, मग आणखी सक्ती कशाला, असे प्रतिकूल बाजूने विचारले तर उत्तर तयार हवे. तिसरे, योजना: करणार कोण, कोणत्या अधिकाराने, न पाळल्यास काय. चौथे, त्या योजनेने प्रश्न खरोखर किती सुटतो.

योजनेच्या अधिकाराबद्दल मी फार काटेकोर आहे. वाहननोंदणी १९८८ च्या केंद्रीय मोटार वाहन कायद्याखाली होते, नोंदणीची कचेरी राज्याच्या परिवहन विभागाची असते, रस्त्यावरील पार्किंगची जागा महानगरपालिका आखते आणि चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाडीवर कारवाई वाहतूक पोलीस करतात. "शासन हे करेल" असे म्हणून या चौघांना एका शब्दात बांधणारी योजना पहिल्याच उलटतपासणीत सुटी होते. कोण काय करणार हे चार वाक्यांत सांगता येते, ती चार वाक्ये पाठ असावीत.

आता या ठरावावर चांगली लढत कशी दिसते ते पाहा. प्रतिकूल बाजू म्हणते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीची नोंदणी राज्यातील कोणत्याही नोंदणी कचेरीत करता येते; ठाण्याची एमएच ०४ नको म्हणून लोक कल्याणची एमएच ०५ किंवा पनवेलची एमएच ४६ घेतील आणि गाडी नौपाड्यातच उभी करतील. हा नेमका मुद्दा आहे, कायद्यातला बदल आणि त्याचा परिणाम यांची जोड त्यात आहे. अनुकूल बाजू उत्तर देते, आमची अट कचेरीला नाही, अर्जदाराच्या पत्त्याला आहे. ठरावातच "राहणाऱ्यांसाठी" हा शब्द आहे. हेही नेमके उत्तर आहे. त्यावर प्रतिकूल बाजू म्हणते, मग लोक गावाकडच्या घराचा पत्ता देतील, आणि रात्री गाडी कोणाच्या दाराशी उभी आहे हे तपासण्याची तरतूद तुमच्या योजनेत नाही. इथे ठराव अडचणीत आला, आणि तो परीक्षकाच्या ज्ञानाने नव्हे, तीन भाषणांच्या देवाणघेवाणीने आला. अशी फेरी ऐकताना मला लिहिण्याचे कष्ट जाणवत नाहीत.

पुरावा

या ठरावावर अनुकूल बाजू जपानचा दाखला देणारच. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी ठेवण्याच्या जागेची अट आहे आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत असावी लागते. पण "जपानमध्ये हे यशस्वी झाले" या वाक्याला माझ्याकडे फार कमी वजन आहे, कारण त्यात "का" नाही. तोच कायदा सार्वजनिक रस्त्यावर एकाच जागी १२ तासांहून अधिक, आणि रात्री ८ तासांहून अधिक, गाडी उभी करण्यास मनाई करतो. म्हणजे तिथे जागेचा पुरावा आणि रस्ता मोकळा ठेवण्याची सक्ती हे एकाच कायद्याचे दोन पाय आहेत. ज्या संघाने एवढे वाचलेले असते तो दाखला देणारा असो वा खोडणारा, पुराव्याच्या मुद्द्यावर तो पुढे जातो. मुंबईचा दाखला ठाण्याला लावतानाही अशीच काळजी घ्यावी. मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याखाली चालतो, ठाणे आणि नवी मुंबईचा १९४९ च्या अधिनियमाखाली, त्यामुळे तिथे असलेला अधिकार इथेही आहे हे दाखवण्याची जबाबदारी दाखला देणाऱ्याची आहे.

पुरावा वाचताना लेखक किंवा संस्था, तिचे त्या विषयातील स्थान आणि वर्ष या तीन गोष्टी मोठ्याने सांगा. "एका अहवालानुसार" असे म्हटलेत तर मी रकान्यात केवळ दावा लिहिते, पुरावा नाही. मूळ मजकुराची प्रत समोरच्या संघाने मागताच द्यावी. वाक्य मधूनच तोडून अर्थ फिरवलेला असेल, किंवा आकडा बनवलेला असेल, तर जे बोलले गेले तेवढेच तोलण्याचा माझा नियम तिथे थांबतो: समोरच्या संघाने ते दाखवून दिले आणि मी मूळ मजकूर वाचून खात्री केली, की ती फेरी तो संघ हरतो, बाकी भाषणे कितीही चांगली झालेली असोत.

प्रतिकूल बाजूसाठी

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे, म्हणजे वादचर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडत राहणे म्हणजे वितंडा. धोरणविषयक वादविवादात प्रतिकूल बाजूला वितंडेची मुभा आहे. निव्वळ आजच्या व्यवस्थेच्या बाजूने उभे राहून योजना पाडता येते आणि तशा पाडलेल्या योजनेवर मी निःसंकोच प्रतिकूल निकाल देते. तरी मला जास्त मोलाची वाटते ती प्रतिकूल बाजू जी योजनेमुळे होणारे वेगळे नुकसान साखळीने दाखवते: पागडीच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला जागा नाही, म्हणून तो गाडी घेऊ शकत नाही, जागा भाड्याने देणाऱ्यांचे दर चढतात, आणि सक्तीचा भार ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याच्यावर पडतो. साखळीतील प्रत्येक कडी वेगळी सांगा, कारण समोरचा संघ त्यातली एकच तोडणार आहे. नवी मुंबईत सिडकोने आखलेल्या सेक्टरांत ही साखळी नौपाड्याइतकी लागू होते का, हा प्रश्न अनुकूल बाजूने विचारायलाच हवा.

पर्यायी योजना मांडलीत, उदाहरणार्थ रात्रीच्या रस्त्यावरील पार्किंगला शुल्क, तर ती आणि मूळ योजना दोन्ही एकत्र का राबवता येत नाहीत किंवा का राबवू नयेत हे सांगा. नुसती "आमच्याकडे याहून चांगली कल्पना आहे" ही पर्यायी योजना नव्हे. ठरावाच्या मर्यादेबाहेर योजना गेली आहे असा आक्षेप घ्यायचा असेल तर तो पहिल्याच भाषणात घ्या, शब्दाचा अर्थ द्या, आणि त्या अर्थाने फेरी न्याय्य का राहते ते सांगा. ठरावाच्या मुळाशी असलेल्या गृहीतकावरचा आक्षेप, जसे की शहराचे नियोजन गाडीवाल्यापासून सुरूच का करावे, मला ऐकायला आवडतो. तो साध्या मराठीत मांडावा आणि तो मान्य केल्यास मी निकाल कसा द्यायचा ते सांगावे, एवढीच अट आहे.

उलटतपासणीत दोघांनीही माझ्याकडे तोंड करून उभे राहावे. प्रश्न छोटे असावेत, आणि मिळालेले उत्तर पुढच्या भाषणात वापरले जावे. न वापरलेले उत्तर मी लिहीत नाही.

शेवटची दोन खंडने

शेवटच्या खंडनात नवा मुद्दा आला तर तो मी तोलत नाही. समोरच्याने आक्षेप घेतला नाही तरीही, कारण अनुकूल बाजूच्या शेवटच्या भाषणानंतर उत्तर द्यायला कोणी उरतच नाही. न्यायदर्शनात पराभवाच्या ज्या जागा सांगितल्या आहेत, त्यांत प्रतिज्ञा बदलणे आणि पुनरुक्ती या दोन मला या भाषणांत वारंवार दिसतात. आपली योजना अडचणीत आली की ती हळूच वेगळी सांगू नका, आणि मांडणीतली वाक्ये पुन्हा म्हणून दाखवू नका.

त्याऐवजी तुलना करा. समोरच्याने सुटू दिलेला मुद्दा खरा धरला जातो, परंतु त्याचे वजन तुम्हीच सांगायचे असते. "त्यांनी जुन्या इमारतींच्या मुद्द्याला उत्तर दिले नाही" एवढ्यावर थांबलात तर अर्धेच काम झाले. "त्यांनी उत्तर दिले नाही; हे नुकसान योजना लागू होताच सुरू होते, त्यांचा लाभ मात्र गाड्या जुन्या होऊन बदलल्या जाईपर्यंत पूर्ण मिळत नाही, आणि त्यांच्या योजनेत तपासणी नसल्यामुळे तो मिळण्याची शक्यताही कमी आहे" असे म्हटलेत तर मला निकालपत्र मिळाले. नुकसान किती मोठे, किती संभवनीय आणि किती लवकर, या तीन मापांपैकी कोणते आधी धरायचे यावर दोन्ही संघांत मतभेद असेल तर त्यावरही वाद घाला. चांगल्या फेऱ्यांचा निकाल अनेकदा तिथेच लागतो.

वक्त्यांचे गुण मी ३० पैकी देते आणि ते निकालापासून वेगळे असतात, त्यामुळे हरलेल्या संघातील वक्त्याला सर्वाधिक गुण मिळू शकतात. उच्चाराच्या प्रमाणतेला मी गुण ठेवत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावांतून येणारी मुले आगरी वळणाची मराठी बोलतात आणि ती मला पूर्ण कळते. इंग्रजी शब्द मिसळले तरी हरकत नाही. मात्र कोणी समोरच्याच्या बोलीवर हसले, किंवा "यांना विषयच कळलेला नाही" अशी भाषा केली, तर त्या वक्त्याचे गुण मी स्पष्ट सांगून कापते. समोरच्या बाजूला "माझे प्रतिस्पर्धी" म्हणावे.

निकाल मी तोंडी, कारणांसह, दोन्ही संघांसमोर देते, आणि त्यानंतर निदान दहा मिनिटे खोलीत थांबते. कारण पटले नाही तर विचारा, वाशीच्या त्या मुलीने विचारले तसे. माझे कागद टेबलावर उघडेच असतात. त्यांचे फोटो काढून न्यावेत आणि तुमच्या वहीतील रकान्यांशी जुळवून पाहावेत, म्हणजे तुम्ही बोललेले नेमके काय माझ्यापर्यंत पोहोचले नाही ते दिसेल.